हवाई शोधसंघटना, नागरी

बेपत्ता विमाने, वाट चुकलेले गिर्यारोहक व शिकारी, तसेच पूर, वादळ, वणवा यांसारख्या आपत्तींत सापडलेली माणसे यांचा हवेतून शोध घेण्यासाठी नागरिकांनी वेतन न घेता चालविलेली संघटना. अशी संघटना सामान्यतः शासनाच्या हवाई दलाशी अथवा बचावकार्याच्या मध्यवर्ती यंत्रणेशी संलग्न असते. शोधाचा आदेश त्या यंत्रणेकडून येतो. उड्डाण मात्र स्वयंसेवक करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ (स्थापना १९४१) ही या प्रकारची सर्वांत मोठी संघटना असून कॅनडातील ‘सिव्हिल एअर सर्च अँड रेस्क्यू असोसिएशन’ अथवा ‘कॅसारा’ (१९८६) ही तिच्याहून लहान, पण निराळ्या घडणीची आहे. विमाने, इंधन व संदेशवहनाची साधने शासनाच्या अनुदानातून मिळू शकतात. वैमानिक मात्र अनुदानातून मिळत नाही. तो स्वतःच्या खर्चाने शिकलेला असतो, पोटापाण्याचा वेगळा व्यवसाय करीत असतो आणि त्याला कोणत्याही दिवशी संघटना सोडून जाण्याची मोकळीक असते. म्हणून स्वयंसेवी वैमानिकांची भरती व त्यांचे टिकणे हाच अशा संघटनांच्या कार्याचा कणा मानला जातो.

युद्धकाळातील भरती : सिव्हिल एअर पेट्रोलची कल्पना प्रामुख्याने न्यू जर्सी राज्याचे हवाई वाहतूक संचालक गिल रॉब विल्सन यांची. युद्ध पेटल्यास खासगी विमाने जमिनीवर खिळवून ठेवली जातील व हजारो प्रशिक्षित वैमानिकांचे कौशल्य वाया जाईल, हे त्यांनी आधीच ओळखले होते. नागरी संरक्षण कार्यालयाचे तत्कालीन संचालक फियोरेल्लो ला ग्वार्डिया यांनी १ डिसेंबर १९४१ रोजी संघटनेच्या स्थापनेचा आदेश काढला. त्यानंतर सहाच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि खासगी उड्डाणांवर खरोखरच बंदी आली. ही बंदी पुढे टप्प्याटप्प्याने उठली, तरी युद्धकाळात पेट्रोलचे नियंत्रण व उड्डाणावरील निर्बंध कायम राहिले. त्यामुळे ज्याला विमान चालवायचे होते, त्याच्यापुढे या संघटनेत नाव नोंदविणे हा एक मोजका मार्ग उरला. देशभक्तीची प्रेरणा होतीच. तथापि उड्डाणाची भूक हे भरतीचे दुसरे तितकेच प्रबळ कारण होते, हे विसरता येत नाही. पुढील काळातील भरतीच्या अडचणी समजण्यासाठी हा आरंभ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण युद्ध संपताच ती भूक भागविण्याचे इतर मार्ग मोकळे झाले आणि संघटनेचे ते विशेष आकर्षण ओसरले.

सैन्यात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांना येथे जागा मिळाली. वयाने मोठे, दृष्टिदोष किंवा शारीरिक व्यंग यांमुळे लष्करी सेवेस अपात्र ठरलेले परवानाधारक वैमानिक मोठ्या संख्येने दाखल झाले. स्त्रियांना सदस्यत्व आरंभापासून खुले होते. मात्र समुद्रावरील गस्तीच्या उड्डाणांतून त्यांना वगळण्यात आले. विला ब्राउन या कृष्णवर्णीय वैमानिकेला १९४२ मध्ये संघटनेत अधिकारपद मिळाले व त्या पदावरील त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी व्यक्ती ठरल्या. लष्करात वर्णभेद रूढ असतानाच्या काळातील ही घटना आहे.

जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजे बुडवू लागल्यावर मार्च १९४२ ते ऑगस्ट १९४३ या काळात संघटनेने किनारी गस्त घातली. तिच्यासाठी किनाऱ्यावर २१ तळ उभारण्यात आले. गस्तीवरील वैमानिकाला दिवसाला सु. ८ डॉलर भत्ता मिळे व त्यातच त्याने जेवणखाण, निवास व गणवेश भागवावयाचा असे. भत्ता हाती पडण्यास बराच विलंब होई. विमान बहुधा त्याचे स्वतःचे किंवा मित्राचे असे. एक इंजिनाच्या जमिनीवरील विमानातून तो किनाऱ्यापासून दूर समुद्रावर जाई. या गस्तीत ९० विमाने नष्ट झाली व २६ जणांना प्राण गमवावे लागले. ह्यू शार्प व एडमंड एडवर्ड्‌स या दोघांनी जुलै १९४२ मध्ये सिकॉर्स्की बनावटीचे उभयचर विमान खवळलेल्या समुद्रावर उतरवून पाण्यात पडलेल्या एका सहकाऱ्याला वाचविले. उतरताना विमानाचा एका बाजूचा तरंगक निकामी झाल्याने परतीच्या वाटेवर एडवर्ड्‌स तोल सांभाळण्यासाठी तासन्‌तास दुसऱ्या बाजूच्या तरंगकावर बसून राहिले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४३ मध्ये या दोघांना हवाई पदक दिले. नागरिकांना मिळालेली ती पहिली हवाई पदके होत.

संघटना एप्रिल १९४३ मध्ये युद्धखात्याकडे सोपविण्यात आली. युद्धानंतर जुलै १९४६ च्या कायद्याने तिला परोपकारी निगमाचा दर्जा मिळाला व मे १९४८ च्या कायद्याने ती अमेरिकी हवाई दलाची अधिकृत नागरी साहाय्यक संघटना बनली. शोधकार्य, तरुणांचे छात्रदल व हवाई शिक्षण अशी तिच्या कार्याची तीन अंगे ठरली. छात्रदलाची सुरुवात ऑक्टोबर १९४२ मध्येच झाली होती व सहा महिन्यांत त्यात सु. २०,००० मुलेमुली दाखल झाली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देशातील बावन्न ‘विंग’ मिळून, म्हणजे पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा व प्वेर्त रीको असा तिचा विस्तार स्थिर झाला. एकविसाव्या शतकात तिची सदस्यसंख्या साठ हजारांच्या घरात असून तिच्याकडे साडेपाचशेच्या आसपास विमाने आहेत. ती बहुतांशी सेस्ना १७२, १८२ व २०६ या जातींची आहेत. सदस्यसंख्येचा आकडा मोठा असला, तरी त्यात छात्र, संदेशवहन करणारे, जमिनीवरील पथकांतील व कार्यालयीन काम पाहणारे यांचाच भरणा अधिक असतो. शोधाच्या उड्डाणासाठी पूर्ण पात्र असे वैमानिक त्यांतील लहान भाग होत.

पात्रता व प्रशिक्षण : शोधविमानात सामान्यतः तिघे असतात. वैमानिक विमान चालवितो. त्याच्या शेजारी बसणारा निरीक्षक नकाशा, रेडिओ व शोधक्षेत्राची आखणी सांभाळतो. मागील आसनावरील टेहळ्या खिडकीतून जमीन न्याहाळतो. विमान जमिनीपासून सु. ३०० मी. उंचीवरून, ताशी सु. १६५ किमी. वेगाने, ठरवून दिलेल्या चौकटीत समांतर पट्टे पाडीत फिरते. डोंगराळ भागात शिखराकडून दरीकडे, समोच्च रेषांच्या धोरणाने उतरत जावे लागते. कोसळलेले विमान आकाशातून विमानासारखे क्वचितच दिसते. तुटलेल्या झाडांची रांग, जळालेला डाग, उन्हात क्षणभर चमकून गेलेला पत्रा एवढीच खूण पुष्कळदा मिळते. वैमानिकाने स्वतः शोधू नये, त्याने विमान चालवावे, हा या कामाचा पहिला धडा असतो. नवख्या वैमानिकास तोच सर्वांत जड जातो. कमी उंचीवर, मंद वेगात, खाली पाहत वळण घेणे हे विमान हातचे जाण्याचे नेहमीचे कारण आहे.

म्हणून अनुभवाची अट कडक ठेवलेली आहे. अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना किमान ४० तासांच्या उड्डाणावर मिळू शकतो. सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये शोधवैमानिक होण्यासाठी मात्र प्रमुख वैमानिक म्हणून २०० तासांचे उड्डाण व त्यात ५० तासांचा दूरपल्ल्याचा प्रवास आवश्यक असतो. परवाना नुकताच हाती आलेल्या माणसाचे प्रमुख वैमानिक म्हणून झालेले तास फार थोडे असतात, कारण शिकतानाचा बराच काळ शिक्षक सोबत असतो. असा माणूस आठवड्याला एक तास याप्रमाणे स्वखर्चाने उडत राहिला, तरी त्याला पात्रता गाठण्यास तीन ते चार वर्षे लागतात. शिवाय संघटनेच्या विमानांवर उड्डाण करणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी संघटनेच्या परीक्षकासमोर उड्डाण-परीक्षा द्यावी लागते आणि शोधकार्यासाठी वेगळी परीक्षा ठरावीक काळाने द्यावी लागते.

प्रवेशाची वाटही सरळ नसते. इच्छुकाने प्रथम स्थानिक स्क्वॉड्रनच्या सभांना यावे, सदस्यांनी त्याला पारखावे, नंतर त्याच्या बोटांचे ठसे घेऊन पूर्ववृत्ताची तपासणी व्हावी, असा क्रम असतो. छात्रदलात मुले असल्यामुळे बालसंरक्षणाविषयीचे प्रशिक्षण सर्वांना सक्तीचे असते. त्याखेरीज आपत्तिनियंत्रणाच्या राष्ट्रीय पद्धतीचे पाठ्यक्रम, सुरक्षिततेचे पाठ, गोपनीयतेची प्रतिज्ञा, गणवेशाचे नियम असा पसारा असतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट कारणाशिवाय घातलेली नाही. परंतु त्यांची बेरीज अशी होते की, उत्साहाने आलेल्या वैमानिकाला पहिले उड्डाण मिळण्यास कित्येक महिने लागतात. गळतीचा मोठा भाग या पहिल्या टप्प्यातच होतो. ज्या स्क्वॉड्रनमध्ये नवागताचा हात धरून त्याला एका अर्जाकडून दुसऱ्या अर्जाकडे नेणारा एखादा जुना सदस्य असतो, तेथे माणसे टिकतात. जेथे त्याला नियमावली देऊन वाचावयास सांगितले जाते, तेथे तो पुन्हा दिसत नाही. यावर उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणी नव्या वैमानिकाला प्रथम टेहळ्या व नंतर निरीक्षक म्हणून पात्र करून घेतात. त्यासाठी उड्डाणाच्या तासांची अट नसते, त्यामुळे तो लवकर विमानात बसतो. मागील आसनावरून शोध कसा दिसतो हे ज्याने पाहिले आहे, तो पुढे अधिक चांगला शोधवैमानिक होतो, असाही अनुभव आहे.

खर्च व संरक्षण : स्वयंसेवक म्हणजे फुकट राबणारा, एवढी व्याख्या येथे अपुरी पडते, तो पदरमोडही करतो. सदस्यत्वाची वार्षिक वर्गणी, गणवेश, सभांसाठीचा प्रवास, वैद्यकीय तपासणी व स्वतःचा सराव हे त्याच्या खिशातून जाते. हवाई दलाने सोपविलेल्या कामगिरीवर इंधन व विमानाच्या देखभालीचा खर्च शासन करते. त्या कामगिरीत इजा वा मृत्यू झाल्यास संघराज्याच्या कर्मचाऱ्यांप्रमाणे भरपाईचे संरक्षणही कायद्याने मिळते. अन्य उड्डाणांना संघटनेचा विमा लागू होतो व त्याच्या मर्यादा वेगळ्या असतात. हा भेद नव्या सदस्याला स्पष्ट करून न सांगणे हे पुढील कडवटपणाचे एक कारण ठरते.

खासगी परवानाधारकाने मोबदला घेऊन उड्डाण करू नये, असा अमेरिकेतील हवाई नियम आहे. शोधकार्याला त्यातून अपवाद केलेला असून शासकीय अथवा शोधसंघटनेच्या अधिकृत आदेशाखालील उड्डाणासाठी इंधन, वंगण, विमानतळाचे शुल्क व विमानाचे भाडे एवढीच भरपाई घेता येते. वेळेची किंमत यात कोठेच येत नाही. म्हणून भरतीत दोन टोके दिसतात. निवृत्त वैमानिकांकडे वेळ व अनुभव असतो, पण वाढते वय व वैद्यकीय पात्रता यांमुळे त्यांची वर्षे मोजकी असतात. तरुण वैमानिक व्यावसायिक परवान्यासाठी तास जमवीत असतात. विमान कंपन्यांत नोकरी लागली की त्यांची शनिवार-रविवारची मोकळीक संपते. मधल्या वयाचा, स्थिर नोकरी असलेला व उड्डाणावर निस्सीम प्रेम करणारा वैमानिक हा संघटनेचा खरा आधार असतो. परंतु त्याच वयात मुलांचे शिक्षण व घराचे हप्तेही चालू असतात. मध्यरात्री दूरध्वनी वाजला की त्याच्यासोबत सारे घर जागे होते. कुटुंबाची संमती हा भरतीच्या अर्जात नसलेला, पण टिकण्याच्या दृष्टीने निर्णायक असा घटक आहे.

उपलब्ध वैमानिकांची संख्याही घटत गेली. अमेरिकेतील एकूण परवानाधारक वैमानिक १९८० मध्ये सु. ८,२७,००० होते, २०१६ मध्ये ते सु. ५,८४,००० उरले. त्यांपैकी केवळ खासगी परवाना असलेल्यांची घट याहून तीव्र होती : सु. ३,५७,००० वरून सु. १,६२,०००. इंधन, विमा व विमानांच्या वाढत्या किमती ही त्याची प्रमुख कारणे होत. त्यानंतर विद्यार्थी वैमानिकांची संख्या वाढली असली, तरी त्यांतील बहुसंख्यांचे लक्ष विमान कंपन्यांकडे असते. सुस्थितीतील विमान भाड्याच्या बाजारदरापेक्षा कमी खर्चात वापरावयास मिळणे, हे अशा काळात संघटनेचे मोठे आकर्षण ठरते. ते उघडपणे मान्य करण्यास जुने सदस्य कचरतात. केवळ स्वस्त उड्डाणासाठी येणारा माणूस शोधाच्या वेळी सापडत नाही, अशी त्यांची तक्रार असते व ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु उड्डाणाच्या ओढीने आलेल्यांतूनच उद्याचे कर्तव्यनिष्ठ शोधवैमानिक घडतात, हेही १९४१ पासूनच्या इतिहासाने दाखविले आहे.

शोधांची विरळता : माणसे टिकविण्यातील सर्वांत कठीण अडचण कामाच्या स्वरूपातच आहे. खासगी विमानांत अपघातसमयी आपोआप संदेश सोडणारा संकटप्रेषक बसविणे अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात बहुतांशी सक्तीचे झाले. हे प्रेषक १२१.५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालत. १९८२ पासून कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय योजनेतील उपग्रह त्यांचे संदेश टिपू लागले. परंतु जोरात टेकलेले विमान, दुरुस्तीच्या वेळी बसलेला धक्का, सदोष विद्युत्‌घट अशा कारणांनी मिळणारे खोटे संदेश शंभरांत सत्त्याण्णवांहून अधिक असत. परिणामी स्वयंसेवक रात्री-अपरात्री उठून निघत व शोध बहुधा एखाद्या कुलूपबंद हँगरपाशी संपे. ऑक्टोबर २००४ मध्ये ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे असा संदेश एका विद्यार्थ्याच्या घरातील दूरचित्रवाणी संचातून येत असल्याचे निष्पन्न झाले. उपग्रहाने तो टिपला होता आणि दारात पोलीस व सिव्हिल एअर पेट्रोलचे सदस्य येऊन उभे राहिले होते. असे प्रसंग पुढे हसत सांगितले जातात. पण सलग दहाव्या निष्फळ रात्रीनंतर दूरध्वनी न उचलणारा सदस्यही याच परिस्थितीतून निर्माण होतो.

फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ मेगॅहर्ट्‌झवरील संदेश टिपणे थांबविले व ४०६ मेगॅहर्ट्‌झवरील अंकीय प्रेषकच त्यांना ऐकू येऊ लागले. या प्रेषकासोबत विमानाची ओळख कळत असल्याने पुष्कळदा मालकाला दूरध्वनी करूनच प्रश्न सुटतो. भ्रमणध्वनीचे शेवटचे संकेत व रडारच्या नोंदी तपासून शोधक्षेत्र आखणारी पथके संघटनेतच उभी राहिली. त्यांचे सदस्य घरी बसून काम करतात व कित्येक प्रसंगी विमान निघण्यापूर्वीच जागा निश्चित होते. बेपत्ता माणसाच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. शोधवैमानिकाच्या वाट्याला मात्र वर्षभर सराव करून एकही प्रत्यक्ष शोध न येण्याची शक्यता वाढली.

कधीकधी शोध अवाढव्य होतो आणि तरीही हाती काही लागत नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे हेल बॉग्ज व निक बेगिच हे दोन सदस्य विमानासह नाहीसे झाले. ३९ दिवसांच्या शोधानंतरही त्यांचा माग लागला नाही. साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेव्हाडातून एका लहान विमानाने निघाले व परतले नाहीत. सिव्हिल एअर पेट्रोलच्या स्वयंसेवकांनी सुमारे महिनाभर वाळवंट व डोंगर पालथे घातले. ऑक्टोबरच्या आरंभी शोध थांबविण्यात आला. त्या शोधात पूर्वी कोसळलेल्या व विस्मृतीत गेलेल्या अनेक विमानांचे अवशेष सापडले, पण फॉसेट यांचे विमान सापडले नाही. ते वर्षभराने, एका पदयात्रीला त्यांची ओळखपत्रे मिळाल्यावर, कॅलिफोर्नियातील मॅमथ लेक्सजवळच्या सिएरा नेव्हाडा पर्वतात आढळले. ‘न सापडणे’ हेही शोधाचे फलित असते, कारण त्यामुळे एक क्षेत्र वगळता येते. नकाशावर चौकटी भरणाऱ्या अधिकाऱ्याला ते सहज पटते. सहा तास उन्हात खडक न्याहाळून परतलेल्याला ते कोणीतरी समजावून सांगावे लागते. शोध संपल्यावर त्याचा निष्कर्ष प्रत्येक चमूला कळविण्याची प्रथा जेथे आहे तेथील वैमानिक पुढील हाकेला येतात, असे जाणते अधिकारी मानतात.

जोखीमही प्रत्यक्ष असते. नोव्हेंबर २००७ मध्ये नेव्हाडात लास व्हेगसजवळील पोटोसी पर्वतावर संघटनेचे सेस्ना १८२ विमान रात्रीच्या अंधारात आदळले व त्यातील दोन्ही अनुभवी वैमानिक मृत्यू पावले. अशा अपघातानंतर नियम अधिक कडक होतात. कडक नियमांमुळे काही जुने सदस्य दुरावतात, तर ढिलाई ठेवल्यास नव्यांचा विश्वास उडतो. या दोहोंमधील मार्ग प्रत्येक पिढीला नव्याने काढावा लागतो.

टिकविण्याचे उपाय : शोध विरळ झाल्यावर वैमानिकांना उडते ठेवण्यासाठी इतर कामगिऱ्या शोधाव्या लागल्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेचे आकाश बंद असताना दुसऱ्याच दिवशी सिव्हिल एअर पेट्रोलच्या एका सेस्ना विमानाने न्यूयॉर्कमधील उद्‌ध्वस्त इमारतींची छायाचित्रे घेतली. २००५ चे कॅट्रिना चक्रीवादळ व २०१० ची मेक्सिकोच्या आखातातील तेलगळती यांतही तिने हवाई छायाचित्रणाचे मोठे काम केले. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धची टेहळणी, हवाई दलाच्या लढाऊ वैमानिकांना मंदगती विमान अडविण्याचा सराव देण्यासाठी स्वतः ‘लक्ष्य’ होणे, २०२० च्या महासाथीत वैद्यकीय साहित्याची ने-आण अशी कामेही तिच्याकडे आली. छात्रांना विमानाची ओळख करून देणारी उड्डाणे तर बारमाही असतात. प्रत्येक छात्राला इंजिनाच्या विमानातून पाच व ग्लायडरमधून पाच उड्डाणे मिळावीत, अशी योजना आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला प्रथमच आकाशात नेणारा वैमानिक शोधाची हाक न येताही वर्षानुवर्षे टिकून राहतो, ही गोष्ट अनेक स्क्वॉड्रनच्या अनुभवास आली आहे.

मानचिन्हांचे महत्त्व बाहेरच्या माणसाला बालिश वाटण्याचा संभव आहे. हवाई दलासारखा गणवेश, पदांची उतरंड, शोधात प्रत्यक्ष यश मिळविणाऱ्यास व ठरावीक शोधफेऱ्या पूर्ण करणाऱ्यास मिळणाऱ्या फिती यांची रचना सविस्तर केलेली आहे. वेतन नसलेल्या संघटनेत कामाची नोंद राहणे हाच मोबदला असतो. मात्र लष्करी थाट सर्वांना मानवत नाही. हवाई दलाच्या गणवेशासाठी वजन व केशभूषेचे नियम असल्याने ते न पाळू शकणाऱ्यांसाठी संघटनेने स्वतःचा वेगळा गणवेश ठेवला आहे. किनारी गस्तीतील व अन्य युद्धकालीन सदस्यांच्या सेवेचा गौरव म्हणून अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला. तोवर सात दशके उलटली होती व त्यांतील फारच थोडे हयात होते.

कॅनडातील पद्धती : कॅसाराची स्थापना १९८६ मध्ये प्रांतोप्रांतीच्या स्वयंसेवी गटांना एकत्र आणून झाली. तिला राष्ट्रीय संरक्षण खात्याचे अनुदान मिळते व क्वेबेक प्रांतात ‘सेराबेक’ ही संघटना तिचा घटक म्हणून काम करते. अवाढव्य प्रदेश, विरळ वस्ती व मोजकी लष्करी विमाने अशी तेथील स्थिती आहे. हॅलिफॅक्स, ट्रेंटन व व्हिक्टोरिया येथील संयुक्त बचाव समन्वय केंद्रांकडून शोधाचा आदेश निघतो. कॅसाराचा विशेष असा की, तिचे शोधकार्य मुख्यतः सदस्यांच्या खासगी विमानांतून चालते. अधिकृत कामगिरी व सराव यांसाठी मालकाला उड्डाणखर्चाची भरपाई व विम्याचे संरक्षण मिळते. ज्याचे विमान त्याचाच हात, त्यामुळे वैमानिक आपल्या विमानाशी पूर्ण परिचित असतो आणि संघटनेवर ताफा सांभाळण्याचा भार पडत नाही. उलटपक्षी विमान नसलेल्या तरुण वैमानिकाला दुसऱ्याच्या आसनाशेजारी मार्गदर्शक म्हणून दीर्घकाळ थांबावे लागते आणि मालकाने विमान विकले की त्या गावची शोधक्षमताच नाहीशी होण्याची भीती असते. कॅसाराचे प्रशिक्षित टेहळे हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानांतूनही शोधास जातात. लष्करी चमूच्या बरोबरीने बसण्याचा हा मान वैमानिक नसलेल्या सदस्यांना टिकवून धरण्यास फार उपयोगी पडला आहे.

अशा संघटनेची आवश्यकता दाखविणारी घटना कॅनडातच घडलेली आहे. कोस्पास-सारसॅट योजनेतील उपग्रहामुळे झालेली जगातील पहिली सुटका सप्टेंबर १९८२ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाली. सोव्हिएट कॉसमॉस-१३८३ या उपग्रहाने टिपलेल्या संदेशावरून कोसळलेल्या लहान विमानातील तिघे वाचले. ते विमान स्वतःच एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघाले होते. आप्तमित्रांनी शोधाला निघणे थांबविता येत नाही. त्यांच्यातील वैमानिकांना प्रशिक्षण, चमू व वेळोवेळी संदेश देण्याची शिस्त यांच्या चौकटीत आणता येते.

भारतातील स्थिती : भारतात या प्रकारची संघटना नाही. खासगी मालकीची लहान विमाने व छंद म्हणून उड्डाण करणारे परवानाधारक यांची संख्या फार मर्यादित आहे. मुंबईतील फ्लाइंग क्लब १९२८ पासून चालू असला, तरी अशा क्लबांतून शिकणाऱ्यांचा ओढा प्रामुख्याने व्यावसायिक परवान्याकडे असतो. हवाई शोधाचे काम भारतीय हवाई दल, नौदल व तटरक्षक दल करतात. आंध्र प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री वाय्‌. एस्‌. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर २ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमलाच्या जंगलात नाहीसे झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरलाच त्याचे अवशेष दिसले. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कडेकपारींत अडकलेल्यांचा शोध गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक घेतात, परंतु तो जमिनीवरून. तरुणांना उड्डाणाची ओळख करून देण्याचे जे काम अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोलचे छात्रदल करते, त्याच्याशी काही अंशी तुल्य असा विभाग म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा होय. तिची पहिली दोन पथके १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे उभारण्यात आली. तीत छात्रांना सूक्ष्महलक्या विमानांतून उड्डाणाचा अनुभव दिला जातो; मात्र शोधकार्य तिच्याकडे सोपविलेले नाही. [→ नागरी संरक्षण, राष्ट्रीय छात्रसेना].